पक्षाघातानंतर घरी आल्यावर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वॉकर किंवा चाकाची खुर्ची भाड्याने न्यायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात, "बाबा चालायला कधी लागतील?" पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगाने होते, पुढेही ती हळूहळू चालू राहते. पण सगळं घर नुसत्या पायांकडे बघत बसलं, की माणूस मागे राहतो. अंघोळ, जेवण, जिना अशा कामांना गुण देणारा बार्थेल इंडेक्स डॉक्टर वापरतात. त्यात 100 पैकी 100 मिळवणारा माणूसही दिवसभर खोलीत गप्प पडून असू शकतो. त्याची झोप, थकवा, मन, बोलणं, घरातला मान यांचीही चौकशी रोज व्हायला हवी.

पक्षाघात झालेल्या तिघांपैकी साधारण एकाला नैराश्य येतं. त्यावर औषधोपचार आहेत, डॉक्टरांना जरूर सांगा. थकवाही मेंदूच्या इजेतूनच येतो, तेव्हा "आळशी झालेत" असं कुणी म्हणू नये.

बोलणं गेलेल्यांना बरेचदा समजत सगळं असतं, शब्द तेवढा सापडत नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी परक्यासारखं बोलू नका. "चहा की पेज?" असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. साधं "पाणी" म्हणता न येणारी काही माणसं चवथीच्या आरतीत मात्र शब्द धरून गातात, कारण गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी आहे. त्यांना माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) सगळ्यांबरोबर बसवा, आतल्या खोलीत ठेवू नका.

पेजेविषयी जरा सविस्तर सांगतो. पातळ निवळ आणि शितं एकाच घोटात आली, की गिळायला कठीण जातं आणि निवळ श्वासनलिकेत उतरू शकते. खाताना खोकला आला किंवा आवाज ओला, घरघरता झाला, तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर काय आणि किती दाट द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. भरवताना ताठ बसवा, चमचा लहान घ्या, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. रक्तदाबासाठी खारे बांगडे आणि मिठातली तोरं (खारवलेल्या कोवळ्या कैऱ्या) ताटातून कमी करा. दिवसाचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं.

कमजोर हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. उठवताना कमरेला आधार द्या, बसल्यावर हात उशीवर ठेवा. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ खरवडा, सरकणारी पायपुसणी उचला, उंच उंबरठ्याशी पकडायला दांडा बसवा.

तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडी वळली, तर तेल चोळण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि आमच्या सामानाविषयी. एका हातात जोर नसेल तर साधा वॉकर नेऊ नका, तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो. त्याऐवजी चार पायांची काठी घ्या आणि ती चांगल्या हातात द्या. उभं राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. माप घ्यायला आमचा माणूस घरी येईल तेव्हा रुग्णाला रोजच्याच चपला घालून उभं करा.