ग्रामसभा आणि पंचायत बैठक (गोव्याची किनारपट्टी)

गावातल्या मतदारांची ती ग्रामसभा आणि निवडून आलेल्या पंचांची ती पंचायत बैठक. गोव्यात बोलताना दोन्हींना सरसकट ‘मीटिंग’ म्हणतात आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. ग्रामसभेने एखाद्या हॉटेलला विरोध केला, म्हणून त्याचा बांधकाम परवाना आपोआप रद्द होत नाही. परवाना देणे किंवा नाकारणे हे पंचायत मंडळाचे काम आहे. मात्र ग्रामसभेचा निर्णय कायद्याच्या किंवा नियमांच्या विरोधात नसेल, तर तो पंचायतीवर बंधनकारक असतो. या ‘नसेल तर’वर आजवर बरेच वकील पोसले गेले आहेत.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती, दोन जिल्हा पंचायती, १३ नगरपालिका आणि पणजी ही एकच महानगरपालिका आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला सवयीची असलेली पंचायत समिती इथे नाही. ज्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांवर नाही, त्याला मधला स्तर वगळण्याची मुभा राज्यघटनेने दिली आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती.

याच जनगणनेने किनारपट्टीतली एक विसंगतीही नोंदवून ठेवली. गोव्यात तेव्हा ७० शहरे मोजली गेली, पण पालिका किंवा महानगरपालिका असलेली त्यांत फक्त १४ होती. उरलेली ५६ म्हणजे ‘जनगणना शहरे’. वस्ती, दाटी आणि रोजगार शहराचा, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. कळंगुट आणि कांदोळी यांतलीच. उलट काणकोणचा पाळोळे किनारा पालिकेच्या हद्दीत येतो. म्हणजे एका किनाऱ्यावरचा कचरा नगरसेवकांच्या बैठकीत चर्चेला येतो आणि दुसऱ्यावरचा पंचांच्या. हंगामात हजारो पाहुणे अंगावर घेणाऱ्या गावाचा गाडा अकरा पंच, एक सचिव आणि मोजके कर्मचारी ओढतात. गोव्यातल्या ग्रामसभा इतक्या तापतात त्यामागे स्वभावापेक्षा हे कारण मोठे आहे.

पूर्वपीठिका

गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची रीत गोव्याला १९९४ च्या पंचायत राज कायद्याने शिकवलेली नाही. जमीन, बांध, देवस्थानाचा खर्च हे सारे गावकारी, म्हणजे गावकार घराण्यांची सामाईक संस्था, पाहत असे. पोर्तुगीजांनी या रूढी १५२६ मध्ये अफोन्सो मेशियाच्या ‘फोराल’मध्ये लिहून काढल्या आणि पुढे या संस्थांना कोमुनिदाद हे नाव रूढ झाले. त्या बैठकीत बसण्याचा हक्क गावकारांच्या घराण्यांतल्या पुरुषांना होता. गावात राहणारा प्रत्येक जण त्यात धरला जात नव्हता, हे गावकारीचे गोडवे गाताना सहसा कुणी सांगत नाही. शहरांचा कारभार ‘कामारा’ म्हणजे नगरमंडळ पाही. मडगावची १९०५ सालची पालिका इमारत त्याच काळातली.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या विनियमाने ग्रामपंचायती आल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. मतदानाचा हक्क घराण्यावरून सुटला तो इथे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा लागू झाला. पालिकांसाठी १९६८ चा, तर पणजी महानगरपालिकेसाठी २००२ चा वेगळा कायदा आहे.

कोमुनिदाद संपलेली नाही. कित्येक गावांत जमिनीची मालकी तिच्याकडे आणि बांधकाम परवाना पंचायतीकडे असतो. ग्रामसभेत ‘ही जागा कुणाची?’ असा सवाल उठला, की सचिव कोमुनिदादकडे बोट दाखवतो. कोमुनिदादचा प्रतिनिधी सभेला येण्यास बांधील नसतो.

बैठकीचे वेळापत्रक

पंचायत मंडळाची बैठक साधारण दर पंधरवड्याला होते, म्हणून वृत्तपत्रांत ‘पाक्षिक बैठक’ असा शब्द दिसतो. ग्रामसभेच्या चार सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी भरतात. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर हे विशेष ग्रामसभांचे दिवस. यातली शेवटची तारीख गोव्याची स्वतःची आहे.

रविवार ठरवण्यामागे लोकांना सुट्टी असावी हा हेतू. किनारी गावात तो अर्धाच साधतो, कारण शॅक (किनाऱ्यावरची हंगामी खानपानगृहे), गेस्ट हाऊस आणि टॅक्सीवाल्यांचा रविवार हाच कमाईचा दिवस. जुलैची सभा त्यांना सोयीची. शॅक उतरवलेले असतात, यांत्रिक होड्यांची मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद असते. गटारे तुंबल्याचे पुरावेही दाराशीच असतात.

सभेचे अध्यक्षस्थान सरपंचाकडे असते. सचिव आधीच्या सभेचे इतिवृत्त वाचतो, मग जमाखर्च, मग विषयपत्रिका आणि शेवटी ग्रामस्थांचे प्रश्न. कागदावर हा क्रम नीट दिसतो. प्रत्यक्षात इतिवृत्तावरच तासभर जातो: ‘मी बोललो ते यात का नाही?’

सरपंच थेट लोकांतून निवडला जात नाही. पंच आपल्यातूनच त्याला निवडतात. लोकसंख्येनुसार पंचांची संख्या ५, ७, ९ किंवा ११ असते, त्यामुळे अकराच्या पंचायतीत सहा हा आकडा सगळे ठरवतो. या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत, पण पंच कोणत्या आमदाराच्या गटातला हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असते. सरपंचपद आळीपाळीने वाटून घेण्याचे तोंडी करार होतात आणि ते मोडले, की अविश्वास ठराव येतो. बैठक बोलावण्याचे हे कारण कायद्याने अपवाद म्हणून ठेवले असले, तरी काही पंचायतींत ते नित्याचेच झाले आहे.

निर्णयांची धाव

पंचायतीच्या हातात घरपट्टी, व्यवसाय परवाने, गावचे रस्ते-गटारे, कचरा आणि बांधकाम परवाना ही मुख्य कामे. बेकायदा बांधकामाविरुद्ध नोटीस काढण्याचा अधिकार कायद्याच्या ६६ व्या कलमात आहे आणि किनारपट्टीत ‘६६ लागला’ असे म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही. घरपट्टी भरली म्हणजे घर कायदेशीर झाले, हा समज मात्र सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

भरतीरेषेजवळ पंचायतीचा शब्द शेवटचा नसतो. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ मध्ये आल्या. तिथले बांधकाम गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाते, तर शॅकची जागा पर्यटन खाते वाटते. २०११ च्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीसाठी राखले गेले. तिथे सगळे पंच एका सुरात ‘हो’ म्हणाले, तरी त्याला मर्यादा आहे.

कचऱ्याचेही तसेच. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या किनाऱ्याचा कचरा गोळा करणे पंचायतींकडे असले, तरी २०१६ मध्ये सुरू झालेला साळगावचा प्रक्रिया प्रकल्प राज्य शासनाचा आहे. २०२४ मध्ये कळंगुट पंचायतीने गावात येणाऱ्या पर्यटकांकडून कर घेण्याचा ठराव केला. त्याची चर्चा देशभर झाली, पण असा कर नुसत्या ठरावाने बसत नाही, वरची मंजुरी लागते. खर्च गावाने करायचा आणि वसुलीची परवानगी पणजीला मागायची, या दुखण्याची ती जाहीर वाच्यता होती.

ठरावांचे खरे वजन दिसते ते विरोधाच्या वेळी. प्रादेशिक आराखडा २०११ (म्हणजे २०११ सालापर्यंतच्या जमीनवापराचा आराखडा) याविरुद्ध गोवा बचाव अभियान ही नागरिकांची चळवळ उभी राहिली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो गुंडाळावा लागला. त्यानंतर जमीन रूपांतर, मोठे गृहप्रकल्प, रेल्वेचे दुपदरीकरण अशा प्रश्नांवर ग्रामसभेचा ठराव हे गावाचे पहिले हत्यार झाले. न्यायालयात तो पुरावा म्हणून जोडला जातो, मोर्चात फलकावर लिहिला जातो. वरिष्ठ कार्यालयात तो फाइलमध्ये पडूनही राहतो.

पंचायतीचा निर्णय मान्य नसेल, तर पंचायत उपसंचालकाकडे आणि पुढे संचालकांकडे दाद मागता येते. त्यानंतर उच्च न्यायालयाचे गोव्यातले खंडपीठ. जून २०२२ मध्ये बहुतेक पंचायतींची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा ४५ दिवसांत निवडणुका घेण्याचा आदेश याच न्यायालयाने दिला. १० ऑगस्टला १८६ पंचायतींसाठी मतदान झाले.

भाषा आणि इतिवृत्त

सभेत बोलतात कोकणीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा आहे. तरी परवाने आणि नोटिसा बहुधा इंग्रजीतच निघतात. ग्रामस्थ तावातावाने कोकणीत जे बोलतो, ते सचिवाच्या इंग्रजीत एका ओळीचे होते आणि दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रात पुन्हा तावातावाने छापून येते. म्हणून जाणते ग्रामस्थ आपला मुद्दा लेखी देतात, पोचपावती घेतात आणि माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागतात. पुढच्या सभेत वाचायला तीच प्रत हातात असते.