फोंतेव्रो: मठ वाचला तो तुरुंगामुळे

फ्रान्समध्ये लोआर नदीच्या खोऱ्यात असलेला फोंतेव्रोचा मठ आज मैफली, प्रदर्शनं आणि परिसंवादांसाठी ओळखला जातो. स्थापना ११०१ ची. साधू आणि साध्वी एकाच संस्थेत, आणि सगळा कारभार मठाध्यक्षेकडे. पुरुषांनी बाईच्या आज्ञेत राहायचं हे अनेकांना पचलं नाही, तरी पद्धत जवळपास सातशे वर्षं टिकली. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या चौघांच्या थडग्यांवरच्या पहुडलेल्या मूर्ती चर्चमध्ये आहेत. तीन दगडी, एक लाकडी. एका राणीच्या हातात उघडं पुस्तक आहे; शेजारी नवरा डोळे मिटून पडलाय आणि ही वाचतेय!

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ रिकामा झाला. खरी गोष्ट इथून पुढची. क्लुनीसारखा बलाढ्य मठ त्याच काळात विकला गेला आणि दगडांसाठी फोडला गेला. फोंतेव्रोला १८०४ च्या फर्मानाने तुरुंग केलं, म्हणून भिंती उभ्या राहिल्या. चर्चच्या उंच सभागृहात मजले घातले, घुमट उतरवले. जिथे प्रार्थना व्हायची तिथे कैदी झोपू लागले. सुरुवातीला बायका आणि मुलंही कोंडलेली असत. देशातल्या सर्वांत कडक तुरुंगांत याची गणना होई. १८४० मध्ये वास्तूला ऐतिहासिक स्मारक म्हणून संरक्षण मिळालं, पण तुरुंग हलला नाही.

तो अधिकृतपणे बंद झाला १९६३ मध्ये. तरीही काही कैदी १९८५ पर्यंत इथेच राहिले, देखभालीच्या आणि दुरुस्तीच्या कामांसाठी. दरम्यान १९७५ मध्ये सांस्कृतिक केंद्र सुरू झालं होतं. म्हणजे दहा वर्षं पाहुणे आणि कैदी एकाच गावात.

जीर्णोद्धार करणाऱ्यांनी मठाचं मध्ययुगीन रूप परत आणायचं ठरवलं आणि त्यासाठी तुरुंगाचं बरंचसं बांधकाम काढून टाकलं. चर्च पुन्हा उंच, उजळ, रिकामं झालं. बघायला सुंदर आहे, यात वाद नाही. पण दीडशे वर्षांचा इतिहास अडगळ समजून बाहेर काढायचा, आणि तोही अंशतः कैद्यांच्याच हातून, हा निर्णय वाटतो तितका निरागस नव्हता. उरलेल्या काही कोठड्या आणि भिंतींवरची कोरीव अक्षरं हाच त्या काळाचा पुरावा.

२००० मध्ये लोआर खोऱ्याबरोबर मठही जागतिक वारसा यादीत गेला. कुष्ठरोग्यांसाठी बांधलेल्या भागात आता हॉटेल चालतं. २०२१ मध्ये आवारात आधुनिक कलेचं संग्रहालयही उघडलं.