शेरा वाचतंय कोण?

शेजारची सहावीतली पोरगी परवा घटक चाचणीचा पेपर घेऊन आली. एका गणितात १/२ + १/३ = २/५ केलेलं, बाजूला मॅडमनी लाल पेनने "आधी समच्छेद कर" असा शेरा दिलेला आणि वर गोलात ११/२०. विचारलं मॅडमनी काय लिहिलंय, तर म्हणाली "अकरा, आणि शेजारच्या बाकावरचीला सतरा."

मार्क नसतील तर पोरं अभ्यासच करणार नाहीत असं आपण सगळेच धरून चालतो. इस्राएलमध्ये रूथ बटलर या संशोधक बाईंनी पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला, १९८८ साली तो छापून आला. काहींना फक्त मार्क, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. शेरावाल्यांचं काम सुधारलं, गोडीही टिकली. मला खरा धक्का तिसऱ्या गटाचा बसला, शेरा मिळूनही ती मुलं मार्कवाल्यांसारखीच मागे राहिली, म्हणजे शेजारच्या आकड्याने शेरा खाऊनच टाकला!

हे होतं कसं तर आपलं लक्ष एका वेळी फार ठिकाणी पुरत नाही. "समच्छेद कर" वाचलं की डोकं गणिताकडे जातं, छेद २ आणि ३, म्हणजे ६ करायचा, मग ३/६ आणि २/६. पण ११ दिसलं की डोकं स्वतःकडे वळतं, मी ढ आहे का, घरी काय सांगू, तिला सतरा कसे, आणि या विचारांनाही तीच डोक्यातली जागा लागते, मग गणिताला उरतं काय? क्लूगर आणि डेनिसी या दोघा संशोधकांनी १९९६ मध्ये असे ढीगभर प्रयोग एकत्र तपासले तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकने काम उलट बिघडलं होतं, आणि त्यांचं स्पष्टीकरणही हेच, लक्ष कामावरून स्वतःवर सरकलं की नुकसान.

हुशार मुलांना मार्कांचा फारसा त्रास होत नाही, बटलरबाईंच्या प्रयोगातही मार्क मिळालेल्या हुशार मुलांची गोडी टिकून होती. मार खातात ती मागची मुलं, ज्यांना शेऱ्याची सगळ्यात जास्त गरज.



दहावीचे मार्क राहणारच, पस्तीसला पास हेही राहणार. पण घटक चाचणीचा पेपर आधी नुसता शेरा लिहून द्यावा, मुलांनी चुका दुरुस्त करून आणाव्यात आणि आकडा दोन दिवसांनी सांगावा, एवढं तर कुठल्याही वर्गात जमेल, रजिस्टरमध्ये मार्क तेच राहतात.