कानफ्रांक: गेज बदलण्यासाठी बांधलेला महाल

फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगररांगेच्या कुशीतलं कानफ्रांक हे स्पेनमधलं लहानसं गाव. तिथलं स्टेशन मात्र २४१ मीटर लांब आहे. खिडक्या ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस तेवढ्या. जानेवारी २०२३ मध्ये या इमारतीत १०४ खोल्यांचं आलिशान हॉटेल सुरू झालं आणि 'कानफ्रांक स्टेशन पुन्हा उघडलं' अशा बातम्या झळकल्या. इमारत उघडली हे खरं. पण एवढ्याशा गावाला एवढं स्टेशन लागलंच कशाला?

कारण आहे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. फ्रान्सचे रूळ १४३५ मिलिमीटर अंतराचे, तर स्पेनचे सुमारे १६७० मिलिमीटरचे, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा किंचित अरुंद. त्यामुळे फ्रान्सची गाडी स्पेनमध्ये शिरू शकत नव्हती आणि स्पेनची फ्रान्समध्ये. गोव्याला जाताना मिरजेला ब्रॉडगेजमधून उतरून बोजे सांभाळत मीटरगेजची गाडी पकडलेली मंडळी अजून घराघरांत आहेत, त्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. मिरजेत निदान देश बदलत नव्हता. कानफ्रांकला इमारतीच्या एका बाजूला फ्रान्सची गाडी लागे, दुसऱ्या बाजूला स्पेनची, आणि मधल्या दालनांत पासपोर्ट, जकात आणि सामानाची तपासणी. दोन्ही देशांचे कस्टमवाले आणि पोलीस एकाच छपराखाली. मालाचा तर प्रत्येक डाग एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. इमारतीची लांबी या कामातून आली. थाट मात्र निव्वळ दिखाव्याचा होता, कारण देशात पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला स्पेनचं पहिलं दर्शन इथेच घडणार होतं.

दोन्ही देशांचा करार १९०४ चा. डोंगराखालून पावणेआठ किलोमीटरहून लांब सोंपोर्ट बोगदा खणला गेला. स्टेशनला सपाट जागा हवी म्हणून नदीचा प्रवाह वळवला आणि हिमकडे कोसळू नयेत म्हणून उतारांवर लक्षावधी झाडं लावली. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, काम रखडलं. अखेर १८ जुलै १९२८ रोजी राजा तेरावा अल्फोन्सो आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष गास्तों दुमेर्ग यांनी उद्‌घाटन केलं.

पण रेल्वेचा धंदा असा कधी जमलाच नाही. स्टेशन सुरू होऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच जागतिक मंदी आली, पुढे १९३६ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध पेटलं आणि बोगदा चक्क भिंत घालून बंद केला गेला. स्टेशनला खरी वर्दळ आली ती बोगदा पुन्हा उघडल्यावर, दुसऱ्या महायुद्धात. नाझींपासून पळणारे ज्यू आणि इतर निर्वासित इथून लिस्बनकडे सरकत. चित्रकार मॅक्स अर्न्स्ट १९४१ मध्ये इथूनच निसटला. नोव्हेंबर १९४२ पासून जर्मन सैनिक थेट स्टेशनात येऊन बसले, तेही स्पेन युद्धात नसताना. फ्रेंच कस्टमचा प्रमुख आल्बेर ल ले त्यांच्या नाकाखालून निरोप आणि माणसं पलीकडे पोचवत होता. संशय आल्यावर १९४३ मध्ये तोही पळाला.

याच फलाटांवरून सोनं गेलं. ही बरीच वर्षं गावगप्पा होती. २००० साली एका फ्रेंच बसचालकाला ओस पडलेल्या रुळांजवळ जुने कागद सापडले. ती मालाची दप्तरं निघाली, आणि स्वित्झर्लंडहून स्पेन-पोर्तुगालकडे गेलेल्या ८६ टनांहून अधिक सोन्याच्या नोंदी त्यांत होत्या. उलट दिशेने जर्मनीकडे जात होतं टंगस्टनचं खनिज. पन्नासहून अधिक वर्षं कुणाला तो कचरा उचलावासाही वाटला नाही, हे त्या काळातल्या स्टेशनच्या अवस्थेबद्दल पुरेसं बोलकं आहे.

ती अवस्था ओढवली २७ मार्च १९७० रोजी. मक्याने भरलेली मालगाडी फ्रान्सच्या बाजूने घाट चढत होती. रुळांवर बर्फ जमलं होतं. गाडी चढेना, मग मागे घसरत सुटली आणि लेस्तांगेचा पूल घेऊनच खाली गेली. जीव कुणाचा गेला नाही. पूल मात्र फ्रान्सने पुन्हा बांधलाच नाही; तोट्यातल्या मार्गावर पैसा घालायची त्यांची तयारी नव्हती, अपघाताचं आयतंच निमित्त मिळालं. सारागोसाहून येणारी स्पेनची छोटी गाडी तेवढी चालू राहिली. ती येऊन थांबे आणि उतारूंच्या समोर छप्पर गळणारा, काचा फुटलेला महाल असे.

२००२ मध्ये वास्तूला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. पुढे अरागॉनच्या, म्हणजे कानफ्रांक ज्या प्रांतात आहे तिथल्या, प्रादेशिक सरकारने पुढाकार घेतला, छप्पर दुरुस्त झालं आणि अखेर हॉटेल आलं. गाड्यांसाठी एप्रिल २०२१ मध्ये मागच्या बाजूला नवं, आटोपशीर स्टेशन उघडलं होतंच.

माझ्या मते इमारत वाचवणं हे यातलं सोपं काम होतं. फ्रान्सच्या बाजूने २०१६ पासून गाडी बेदूसपर्यंत येते. तिथून कानफ्रांक सुमारे ३३ किलोमीटर, आणि मधला लोहमार्ग अजून बंद आहे. बोगद्याला दरम्यान दुसरी कामं मिळाली. शेजारून २००३ मध्ये रस्त्याचा बोगदा सुरू झाला, तिथे आग लागली तर माणसांनी सुटायचं ते या जुन्या बोगद्यातून. शिवाय डोंगराच्या पोटात, सुमारे ८०० मीटर खडकाखाली, भौतिकशास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आहे. वरचा खडक अवकाशातून येणारे विश्वकिरण अडवतो म्हणून कृष्णद्रव्याचा, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा, माग काढायला त्यांना हीच जागा सोयीची.