फुप्फुसातील मूलपेशी

श्वासनलिका आणि वायुकोश यांच्या अस्तराची झीज भरून काढणाऱ्या पेशी. रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेप्रमाणे फुप्फुसात सर्व कामे पाहणारी एकच मूलपेशी नसते. मोठ्या श्वासनलिकांत अस्तराच्या तळाशी असलेल्या बेसल पेशी, बारीक नलिकांत क्लब पेशी आणि वायुकोशांत ‘दुसऱ्या प्रकारच्या’ पेशी आपापला भाग सांभाळतात. निरोगी फुप्फुसात त्यांचे विभाजन संथ असते. संसर्ग किंवा विषारी वायूमुळे इजा झाली की ते वेग घेते.

वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या अतिशय पातळ, चपट्या पेशींनी व्यापलेला असतो आणि त्यांतूनच ऑक्सिजन रक्तात उतरतो. या पेशी नाजूक असून त्या स्वतः सहसा विभाजित होत नाहीत. त्या मेल्या की शेजारची घनाकार दुसऱ्या प्रकारची पेशी, जिचे रोजचे काम वायुकोश मिटू न देणारे सर्फॅक्टंट स्रवण्याचे असते, विभाजित होते आणि तिच्या काही संतती-पेशी पसरट होऊन रिकामी जागा झाकतात. नायट्रोजन डायऑक्साइड हुंगवलेल्या उंदरांत १९७०च्या दशकातच हे आढळले होते. २०१३ मध्ये पेशींचा वंशमागोवा घेऊन, म्हणजे पेशींना खूण करून त्यांची संतती ओळखून, त्याला भक्कम आधार मिळाला.

दीर्घकालीन विकारांचे मूळ बऱ्याच अंशी ही दुरुस्ती बिघडण्यात आहे. फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे ऊतीत व्रणासारखे तंतू साचण्याच्या रोगात, दुसऱ्या प्रकारच्या अनेक पेशी रूपांतराच्या मधल्याच अवस्थेत अडकून पडतात व भोवतीच्या तंतुजनक पेशींना चिथावतात, असे दिसते. टेलोमिअर (गुणसूत्रांची संरक्षक टोके) राखणाऱ्या जनुकांतील दोषामुळे मूलपेशी अकाली थकणाऱ्या कुटुंबांत हा रोग वारंवार आढळतो. पिर्फेनिडोन व निंटेडॅनिब ही औषधे त्याचा वेग कमी करतात, पण झालेले व्रण पुसत नाहीत. धूम्रपानामुळे बेसल पेशींपासून केसलवयुक्त (कफ बाहेर सारणाऱ्या) पेशी कमी आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी जास्त बनतात. सीओपीडी या श्वसनमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन विकारातील साचलेल्या कफाचे हे एक कारण होय.

त्यामुळे प्रतिबंधाचा अर्थ मुख्यतः मूलपेशींवरील मारा थांबवणे असाच घ्यावा लागतो, आणि तो उशिरा थांबवला तरी व्यर्थ जात नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वसनीत तंबाखूजन्य उत्परिवर्तनांपासून जवळजवळ मुक्त अशा पेशींचे प्रमाण धूम्रपान चालू ठेवलेल्यांच्या चौपटीपर्यंत आढळले. एम्फिसीमात नष्ट झालेल्या वायुकोशांच्या भिंती मात्र पुन्हा उभ्या राहत नाहीत. मूलपेशींची इंजेक्शने देऊन त्या उभारण्याचा दावा करणाऱ्या दवाखान्यांकडे त्याचा सिद्ध पुरावा नाही.