तेल ठरवतं दिव्याचा घाट

आमच्या घरी आजीच्या वेळचा, टेबलावर ठेवायचा रॉकेलचा दिवा आहे. पितळी बैठक, त्यावर फिकट गुलाबी काचेची टाकी, वर वात खालीवर करायची चक्री आणि पोटाशी फुगीर अशी उंच काच. गेल्या दिवाळीत तो पेटवायचा असं ठरलं. रॉकेल कुठेच मिळेना, म्हणून देवघरातलं तिळाचं तेल टाकीत भरलं. वात तासभर भिजू दिली आणि काडी लावली. ज्योत छान उभी राहिली, पण दहा मिनिटांत मलूल होत होत विझली. वात वर काढून पाहिली तर टोकाचा कोळसा झालेला. शेजारी समई मात्र त्याच तेलावर निवांत जळत होती.

तेल तेच आणि वातही कापसाचीच. मग एक दिवा जळतो आणि दुसरा का विझतो? याचा माग काढताना जुन्या दिव्यांकडे बघायची माझी नजरच बदलली. आपण ज्याला निव्वळ शोभा समजतो, तो घाट बराचसा तेलानेच ठरवलेला असतो.

आधी ज्योतीकडे बघू. दिव्यात वात जळत नाही, तेलही द्रवरूपात जळत नाही. वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. तेल येत राहतं तोवर त्याची वाफ होण्यातच उष्णता खर्ची पडते, म्हणून वात शाबूत राहते. पुरवठा तुटला की वातच जळायला लागते. माझ्या दिव्यात हेच झालं होतं. ज्योतीचा पिवळा उजेड येतो तो काजळीच्या तापून लाल-पिवळ्या झालेल्या कणांमुळे. पूर्वी निरांजनावर तांब्याचं भांडं पालथं धरून घरी काजळ धरत, तेव्हा तेच कण थंड होऊन भांड्याला चिकटत. डोळ्यांत घालायचं काळंभोर काजळ ज्योतीत असताना उजेड देत असतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता तेल चढण्याकडे वळू. वातीतून तिळाचं तेल आणि रॉकेल साधारण सारख्याच उंचीपर्यंत चढू शकतात. फरक वेगात आहे. तिळाचं तेल रॉकेलच्या वीस पटींहून अधिक दाट असतं. चार बोटं उंच चढून ज्योतीची भूक भागवायची, तर ते वेळेवर पोचतच नाही. शिवाय रॉकेलची वाफ साधारण १५० ते ३०० अंश सेल्सियसच्या दरम्यान होते. गोड्या तेलाला त्याहून जास्त तापावं लागतं आणि तापताना त्याचं विघटन होऊन वातीवर कोळसा धरतो.

म्हणून समई तशी आहे. दांडा कितीही उंच असला तरी तेल अगदी वर, उथळ ताटलीत. वात तेलात आडवी पडलेली आणि तिचं टोक जेमतेम बाहेर. तेलाला चढायचं अंतर बोटभरही नसतं. पणती, निरांजन, लामणदिवा या सगळ्यांचं गणित हेच. अडचण एकच: ताटली उथळ, त्यामुळे तेल सारखं घालावं लागतं. काही जुन्या टांगत्या दिव्यांत यावर फार सुंदर उपाय आहे. तेल भरलेलं असतं वरच्या पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोटात. पोट हवाबंद, तोंड फक्त खालच्या तेलात बुडालेलं. पातळी उतरली की तोंड उघडं पडतं, हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढंच तेल खाली येतं. कोंबड्यांना पाणी पाजायची उलटी बाटली याच तत्त्वावर चालते.

युरोपात १७८० च्या सुमारास जिनिव्हाच्या एमे आर्गां यांनी वातीला नळीचा आकार दिला. नळीच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हवा मिळू लागली. वर काचेची चिमणी आली. एका दिव्याचा उजेड सहा ते दहा मेणबत्त्यांइतका झाला. पण तेल तेच दाट, त्यामुळे टाकी ज्योतीच्या बाजूला, तिच्याच उंचीवर ठेवावी लागे आणि तिची सावली खोलीत पडे. आपण ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतो, तिथे दिव्याशेजारी अंधार होता. मग टाकी चपट्या कड्यासारखी करून ज्योतीभोवती बसवली गेली. अशा एका प्रकाराचं नावच ‘सायनंब्रा’ पडलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सावलीविना’. पॅरिसच्या कार्सेल या घड्याळजींनी तर १८०० मध्ये दिव्याच्या बैठकीत चक्क घड्याळाची यंत्रणा घातली. किल्ली द्यायची आणि आतला पंप तेल वर चढवत राहायचा. पुढे १८३० च्या दशकात तेच काम स्प्रिंगने दाबल्या जाणाऱ्या दट्ट्यावर आलं. दिवाणखान्यातल्या दिव्याचा उंच, फुलदाणीसारखा घाट आला तो या यंत्रांना जागा हवी म्हणून.

रॉकेलने ही सगळी खटपट संपवली. अब्राहम गेस्नर यांनी १८४६ मध्ये कॅनडात दगडी कोळशापासून असं पातळ तेल काढून दाखवलं आणि ‘केरोसीन’ हे नाव दिलं. आजच्या युक्रेनमधल्या लव्हिव शहरातले औषधविक्रेते इग्नात्सी वुकाशेविच यांनी ते खनिज तेलापासून काढलं. ३१ जुलै १८५३ ला तिथल्या इस्पितळात त्यांच्या दिव्याच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली. १८५९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागलं आणि रॉकेल स्वस्त झालं. आता टाकी खुशाल ज्योतीखाली ठेवता येत होती, कारण पातळ तेल आपलं आपण चढत होतं. यंत्र गेलं आणि काचकाम करणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. दुधी, गुलाबी, निळी, सोनेरी नक्षीची टाकी मिरवणारे दिवे याच काळातले.

काच उगाच उंच नसते. दिवा पेटवून काच चढवताना नीट बघा: क्षणापूर्वी धुरकट, लवलवणारी ज्योत एकदम ताठ होते आणि पांढरट उजळते. आतली तापलेली हवा वर धावते, बर्नरच्या भोकांतून ताजी हवा खेचली जाते आणि काजळी बाहेर पडण्याआधी जळून जाते. वातीची टोकं कातरीने किंचित गोलसर कापली तर ज्योतीला शिंगं फुटत नाहीत आणि काच तडकत नाही.

एक कळकळीचं सांगणं. अशा दिव्यात पेट्रोल कधीही घालू नका, चुकून मिसळलेलंसुद्धा नाही. सुरुवातीच्या काळात पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून काही जण ते रॉकेलमध्ये मिसळून विकत. अर्ध्या रिकाम्या टाकीत त्याची वाफ साठून दिवे फुटत, माणसं भाजून मरत. त्यातूनच किती तापमानाला तेलाची वाफ पेट घेते ते तपासणारे कायदे आले.

आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचवला. त्यात शोभा नव्हती, पण काच, हवा आणि रॉकेल यांचं नातं तेच होतं.

जुन्या बाजारात फुलदाणीसारखा युरोपीय दिवा दिसला, तर काचेआधी त्याची बैठक निरखून बघा. तिथे किल्लीचं भोक असेल, तर वरची रॉकेलची टाकी मागाहून बसवलेली आहे. पंपाचे असे कितीतरी दिवे पुढे रॉकेलवर आणले गेले. भोक तेवढं राहिलं.