शिडी आधी, ठोकळे नंतर

अटल टिंकरिंग लॅब या केंद्र सरकारच्या शालेय प्रयोगशाळांमुळे जळगाव-धुळ्याकडच्या शाळांतली सहावी-सातवीची पोरं संगणकावर माउसने सूचनांचे रंगीत ठोकळे जोडतात आणि अर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवरचा दिवा लावतात. योजना २०१६ ची, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. त्यामुळे चित्रातून प्रोग्रॅमिंग म्हणजे पोरांसाठी काढलेली सोपी वाट, असाच समज झाला आहे. खरं तर चित्रं आधी कारखान्यात आली, आणि आली ती वायरमनसाठी.

केळीच्या मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर उघडून बघा. हिरवं बटण दाबलं की कॉइलला सप्लाय मिळतो, कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, खटकन ओढला जातो, मोटार सुरू. बोट काढलं तरी ती बंद पडत नाही, कारण कॉन्टॅक्टरचाच एक जास्तीचा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला पॅरलल जोडलेला असतो. लाल बटण आणि मोटारीवर जास्त भार आला की उघडणारा ओव्हरलोड रिले कॉइलच्या सिरीजमध्ये असतात. यातलं एक जरी उघडलं, किंवा लाईट गेली, की कॉइल सुटते. लाईट परत आली तरी मोटार आपोआप उठत नाही, म्हणून तर रात्रपाळीच्या सप्लायसाठी शेतकरी वेगळा ‘ऑटो’ बसवतो. हे सर्किट कागदावर उतरवलं की सप्लायच्या दोन उभ्या रेषा आणि मधे आडवी पायरी असं चित्र होतं. अशा पायऱ्या एकाखाली एक आल्या की शिडी, म्हणजेच लॅडर डायग्रॅम.

अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांचे पॅनल अशाच शेकडो रिलेंनी, म्हणजे कॉइलवर चालणाऱ्या छोट्या स्विचांनी, भरलेले असत. गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग उपसायचं आणि नव्याने करायचं. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंऐवजी जागेवरच प्रोग्रॅम बदलता येईल असा कंट्रोलर मागितला. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ बनवला. बेडफर्ड असोसिएट्सचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून नावात ०८४. पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, याची सुरुवात इथली. रिले गेले, पण शिडी राहिली. पॅनलवरच्या माणसाला ती आधीपासून वाचता येत होती, मग त्याला नवी भाषा कशाला शिकवायची? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. पुढे १९९३ च्या आयईसी ६११३१-३ या मानकाने शिडी आणि फंक्शन ब्लॉक (चौकोन रेषांनी जोडायची भाषा) या दोन्ही चित्रभाषांना अधिकृत जागा दिली.

पीएलसी महाग, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, स्वस्त. पण १९८० मध्ये आलेल्या इंटेल ८०५१ वर काम करायचं तर असेंब्ली किंवा सी ही लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा यायलाच हवी. चित्र काढणारा वायरमन तिथेच अडला. एलडीमायक्रो या मोफत सॉफ्टवेअरने नंतर थोडी वाट मोकळी केली. त्यात शिडी काढली की पिक किंवा एव्हीआर या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी थेट हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायचा तयार प्रोग्रॅम, तयार होते. आपल्याकडच्या आयटीआयवाल्यांना हे नाव फारसं ऐकू येत नाही, याचं वाईट वाटतं.

ठोकळ्यांचा वंश निराळा. १९६७ च्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेपासून तो निघतो आणि एमआयटीतल्या लोगोब्लॉक्समधून १९९८ च्या लेगो माइंडस्टॉर्म्स या रोबॉट बनवायच्या खेळण्यापर्यंत येतो. त्याच्या विटेसारख्या पिवळ्या कंट्रोलर-डब्यात हिताची एच८ मायक्रोकंट्रोलर होता. माइंडस्टॉर्म्सच्याच २००६ च्या एनएक्सटी या पुढच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर मात्र लॅबव्ह्यू या चित्रातून प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरवर उभं होतं, म्हणजे १९८६ पासून इंजिनिअर मोजमापासाठी वापरत होते तेच पोरांच्या हाती आलं. २००७ मध्ये ठोकळे जोडायचं स्क्रॅच आलं, २०१२ मध्ये त्याच प्रकारचं गूगलचं ब्लॉकली. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना मायक्रोबिट हे छोटे बोर्ड वाटले गेले, त्यांच्यासाठी पुढे मायक्रोसॉफ्टचं मेककोड हे ठोकळ्यांचं सॉफ्टवेअर आलं.

या पिढीतला एक फरक शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. स्क्रॅचवरून स्पेनमध्ये बनलेल्या एस४ए मध्ये प्रोग्रॅम चालतो तो संगणकावर. अर्डुइनोच्या उनो या बोर्डात प्रोग्रॅमसाठी ३२ केबी फ्लॅश मेमरी आणि २ केबी रॅम, स्क्रॅच त्यात मावणार कसं? बोर्ड फक्त हुकूम पाळतो, केबल काढली की गाडी थांबली. अर्डुब्लॉक हे दुसरं सॉफ्टवेअर ठोकळ्यांचं सी++ भाषेत रूपांतर करून ते चिपमध्ये टाकतं, एमब्लॉक या सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय आहे. मळ्यात लॅपटॉप ठेवून यायचं नसेल तर हाच प्रकार कामाचा.

दुसरा फरक जास्त खोलातला आहे. पीएलसी पूर्ण शिडी वरपासून खालपर्यंत वाचतो आणि लगेच पुन्हा वरून सुरू करतो, सेकंदाला कित्येक वेळा. ठोकळे एकामागून एक चालतात. ‘दहा सेकंद थांबा’ हा ठोकळा अर्डुइनोत साध्या डिलेमध्ये, म्हणजे चिपला नुसतं थांबवणाऱ्या सूचनेत, बदलला, की त्या दहा सेकंदांत बाकी काही वाचलं जात नाही. विहिरीचं पाणी तळाला गेल्याचं सेन्सर सांगतोय आणि चिप थांबून बसलीय, असं झालं तर मोटार कोरडीच फिरणार. वर्गात दिवा लावायला ठोकळे उत्तम, पण पंपाला शिडीच बरी, असं माझं मत.

आता हे दोन वंश जवळ येताहेत. अर्डुइनोने ऑप्टा नावाचा छोटा पीएलसी काढला आहे. त्याचा प्रोग्रॅम नेहमीसारखा कोड लिहूनही करता येतो, आणि पीएलसी आयडीई हे सॉफ्टवेअर घेऊन शिडी काढूनही.